आजीच्या ताटात मासा का नव्हता? सारस्वत मंडळांना आणि आप्तांना खुले पत्र

सर्व सारस्वत मंडळांचे पदाधिकारी, आणि मासे खाऊनही स्वतःला शाकाहारी म्हणवणारे माझे ज्ञातिबांधव व भगिनी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी वेंगुर्ल्याची, मासे खाणाऱ्या सारस्वत ब्राह्मणांच्या घरातली. लग्न होऊन मुंबईला आले त्याला आता छत्तीस वर्षं झाली, पण बाजारात शिरलं की पाय अजून आधी मासळीकडेच वळतात. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं कमी पडली तर मला जेवल्यासारखं वाटत नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की ही बाई आपल्याला मासे सोडायला सांगते आहे. तसं काही नाही. मी मासे खाते आणि खात राहणार आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की मासे खाणारी मी शाकाहारी नाही, तुम्हीही नाही, आणि हे आपण चारचौघांत मोकळेपणानं म्हणायला हवं. ते न म्हटल्यानं काय होतं ते मी गेल्या जानेवारीत डोळ्यांनी पाहिलं, म्हणून हे पत्र.

आपल्यातल्याच एका मंडळाचं स्नेहसंमेलन होतं. मंडळाचं नाव लिहीत नाही. जे तिथं होते त्यांना ठाऊक आहे, आणि चूक एका मंडळाची नाहीच. मी माझ्या एका जुन्या सहकारी बाईंना सोबत नेलं होतं. आम्ही दोघींनी बावीस वर्षं एकाच कार्यालयात शेजारच्या टेबलांवर काम केलं. त्या साताऱ्याकडच्या, माळकरी. विशीत आळंदीला माळ घातली तेव्हापासून त्यांनी मांस-मासे, अंडं, कशाला हात लावलेला नाही. बावीस वर्षांत त्यांनी माझ्या डब्याबद्दल एकदाही नाक मुरडलं नाही. माझ्याकडे मासे असले की मीच जरा दूर बसायची, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यातली मेथीची भाजी निम्मी माझ्या पानात यायची. त्यांना आपलं शिवराक, म्हणजे मांस-मासळी नसलेलं, जेवण खूप आवडतं. खतखतें, म्हणजे आपली मिश्र भाज्यांची रस्सेदार भाजी, खायला म्हणूनच मी त्यांना बोलावलं होतं.

सभागृहात जेवणाची तीन टेबलं होती. एकावर मटण-कोंबडी, एकावर तळलेले मासे आणि कालवण, आणि तिसऱ्यावर मोठ्या अक्षरांत पाटी, ‘शाकाहारी’. त्या टेबलावर मुगागाठी होत्या, खतखतें होतं, वालीची भाजी, वरणभात, सोलकढी आणि एका पसरट भांड्यात किसमूर. माझ्या या सहकारी ताईंनी तिथूनच पान वाढून घेतलं. किसमूर त्यांना खोबऱ्या-कांद्याची कोशिंबीर वाटली. वरणभाताबरोबर दोन घास खाल्ले, आवडली, म्हणून वाढणाऱ्या मुलीला कृती विचारली. त्या पोरीनं मोठ्या उत्साहानं सांगायला सुरुवात केली, “सुका जवळा आधी कोरडा भाजून घ्यायचा...”

ताईंनी पान खाली ठेवलं. आरडाओरडा केला नाही. बेसिनपाशी जाऊन किती तरी वेळ चुळा भरल्या आणि मग भिंतीकडेच्या खुर्चीवर माळेवर हात ठेवून बसून राहिल्या. मी त्यांच्याशेजारी उभी होते आणि मला काही बोलता येईना. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, “तुमच्यात मासे खातात हे मला माहीत आहे. मी नुसता वरणभात खाऊन आनंदानं गेले असते. पण पाटीवर लिहिलं होतं ना?”

एका पदाधिकाऱ्यांना मी बाजूला घेऊन हे सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, त्यांनाही वाईट वाटलं. पण ते पटकन जे बोलून गेले ते माझ्या मनातून जात नाही. “अहो, जवळा म्हणजे काय मांसाहार झाला का? मटण-कोंबडी वेगळ्या टेबलावर ठेवलीय आपण. आपण सारस्वत तसे शाकाहारीच की.”

त्या वाक्यानं मला आजी आठवली.

माझी आजी सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली. त्यानंतर ती चौपन्न वर्षं जगली, आणि त्या चौपन्न वर्षांत तिनं मासा तोंडात घातला नाही. घरात मासे रोज यायचे. मासेवाली टोपली घेऊन परसदारी आली की तिच्याशी घासाघीस आजीच करायची, कारण घरात तिच्याइतकी पारख कुणाला नव्हती. कल्ले उघडून लाली बघायची, बोटानं दाबून मासा वर येतो का ते बघायची, पेडवे शिळे असले तर मासेवालीला तसं तोंडावर सांगायची. व्यवहार झाला की ती विहिरीवर आंघोळीला जायची, आणि मग तिची चूल वेगळी, तिची भांडी वेगळी, तिचं पान वेगळं. आम्ही नातवंडं कालवण-भात ओरपत असू आणि ती पलीकडे बसून आमटी-भात खात असे. मी सात-आठ वर्षांची असेन. एकदा माझ्या पानातला सुरमईचा तुकडा हातावर घेऊन मी तिच्याकडे गेले, कारण मला वाटलं तिला कुणी वाढायला विसरलं. ती मागं सरकली आणि हसून म्हणाली, “माका नको गो बाय. तुमी जेवा.”

मासा म्हणजे ‘पाण्यातली भाजी’, ‘समुद्रफळ’, असं आपल्यात म्हणतात. मासा ही जर पाण्यातली भाजी होती, तर ती माझ्या आजीला का नव्हती? माझ्या आजोबांचे भाऊ, काका, गावातले भटजी, ही सगळी जाणती माणसं होती. त्यांच्यापैकी एकानंही तिला कधी म्हटलं नाही की बाई, हे समुद्रफळ आहे, तू खुशाल खा. चौपन्न वर्षांत एकदाही नाही. चातुर्मासात ती वांगं सोडायची आणि चातुर्मास संपला की वांगं तिच्या पानात परत यायचं. मासा कधीच परत आला नाही. एका बाईला अन्न नाकारायचं होतं तेव्हा मासा मांस होता. तिच्याच घरातल्या पुरुषांना परगावी चार लोकांत मान हवा होता तेव्हा तोच मासा भाजी झाला. हे मला मोठेपणी कळलं, आणि कळल्यापासून ‘आपण तसे शाकाहारीच’ हे वाक्य मला कानाला टोचतं.

आजीचं सोडा, तुमच्या आजच्या घरातलं बघा. सोमवारी आपण काय करतो? श्रावणात, संकष्टीला, गणपतीत काय करतो? श्राद्धाच्या पानात काय असतं? मंगेशीला, कवळ्याच्या शांतादुर्गेला, म्हार्दोळच्या महालसेला नैवेद्य कशाचा दाखवतात? आपल्या कवळे मठाचे किंवा पर्तगाळी मठाचे स्वामी काय जेवतात? सोमवारी नीरफणसाच्या कापा रवा लावून अगदी माशासारख्या तळतो, कारण त्या दिवशी मासा चालत नाही आणि जीभ तर मागते. कुणी म्हणेल की नैवेद्यात कांदाही नसतो, म्हणून कांदा काय मांसाहार झाला? रास्त प्रश्न आहे. पण कांदा परतलेली कढई आपण कधी वेगळी मांडली नाही. कांदा चिरलेल्या विळीवर केळफूल चिरायचं नाही, असं कुठल्या आईनं सांगितलेलं मला आठवत नाही. माशांचं मातीचं भांडं मात्र वेगळं, त्याची जागा वेगळी, मासे कापायची विळीही वेगळी.

आणि आपली बोली काय म्हणते? आमच्याकडे मालवणीत दोनच शब्द आहेत, वशाट आणि शिवराक. वशाटात मटण आलं, कोंबडी आली आणि मासेही आले. ‘आज वशाट नाय, सोमवार आसा’ असं म्हटलं की पोरालाही कळतं की आज बांगडा नाही. बोलीनं हा प्रश्न कधीच सोडवून ठेवला आहे. गोंधळ झाला तो आपण शहरात आलो, शुद्ध मराठीत ‘शाकाहारी’ आणि ‘मांसाहारी’ असे दोन रकाने भरायची वेळ आली तेव्हा. ‘मांसाहारी’वर खूण करायला हात धजेना.

हात का धजेना, ते मी समजू शकते. त्याला जुनी जखम आहे. देशावरचे आणि कोकणातले इतर ब्राह्मण आपल्याला मासे खाता म्हणून कमी लेखत. ब्राह्मणाची सहा कर्मं सांगितली आहेत, यजन-याजन, अध्ययन-अध्यापन, दान-प्रतिग्रह. त्यातली पुरोहितपण करणं, वेद शिकवणं आणि दान घेणं ही तीन तुम्हाला नाहीत, तुम्ही त्रिकर्मी, असं आपल्याला ऐकवलं गेलं. पंक्तीला बसवायचं की नाही यावरून वाद झाले. अशा वेळी आपल्या पूर्वजांनी जी उत्तरं शोधली त्यातलंच हे एक, की आम्ही खातो ते मांस नव्हेच. अपमान करणाऱ्यांचा मोजायचा काटा आपण तसाच ठेवला आणि त्यावर स्वतःला पास करून घ्यायला मासळीची भाजी केली. त्या काळात त्यांच्यापुढं दुसरी वाट नसेल कदाचित. मी त्यांना दोष देत नाही. पण आज पंक्तीतून उठवणारं कुणी नाही, आणि आपण मात्र तीच सबब पिढ्यान्‌पिढ्या पुढं देत आहोत.

खरं तर आपल्या ज्ञातीच्या मूळ कथेतच सबब नाही. महाभारताच्या शल्यपर्वात सारस्वत ऋषींची गोष्ट आहे, आपण ती प्रत्येक स्मरणिकेत छापतो. बारा वर्षं अवर्षण पडलं, अन्नासाठी ऋषी दाही दिशांना गेले, सारस्वतही निघाला. तेव्हा सरस्वती त्याला म्हणाली की बाळा, जाऊ नकोस, मी तुला रोज उत्तम मासे देईन. तो राहिला, मासे खाऊन जगला आणि वेद जपले. दुष्काळ सरल्यावर वेद विसरलेले साठ हजार ऋषी त्याच्याकडे शिकायला आले. या कथेत सरस्वती मुलाला मासे देते आणि मासेच म्हणते. व्यासांना तिच्या तोंडी ‘जलातलं शाक’ घालता आलं असतं, पण तिथं शब्द आहे ‘मत्स्य’. मुलगा उपाशी मरू नये म्हणून आईनं त्याला मासे दिले. ते लपवावं असं तिला वाटलं नाही, आणि तिच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या आपल्याला मात्र वाटतं.

शास्त्राचा आधार हवा असणाऱ्यांसाठी मनुस्मृतीचा पाचवा अध्याय आहे. पंधराव्या श्लोकात म्हटलंय की जो ज्या प्राण्याचं मांस खातो तो त्याचा मांसभक्षक, पण मासे खाणारा मात्र सगळ्यांचंच मांस खाणारा, म्हणून मासे वर्ज्य करावेत. आणि लगेच सोळावा श्लोक सांगतो की पाठीन आणि रोहित हे मासे हव्यकव्यात, म्हणजे देव-पितरांना अर्पण करायच्या अन्नात, चालतात, खवलेवाले सगळेच चालतात. दोन श्लोकांत हा एवढा फरक. याचा अर्थ लावणाऱ्यांनी लावावा. मला दिसतं ते इतकंच की मनाई करणारा श्लोक घ्या की परवानगी देणारा, मासा शाकात कुणी घातलेला नाही.

बंगालमध्ये अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमारास भवदेव भट्ट नावाचे मोठे धर्मशास्त्रकार होऊन गेले. बंगाली ब्राह्मण मासे खातात यावर तेव्हाही टीका होत होती. त्यांनी आपल्या प्रायश्चित्तावरच्या ग्रंथात बाजू मांडली, की जे निषेध सांगितलेत ते ठरावीक तिथींपुरते आहेत, एरवी मासे खाण्यात दोष नाही. म्हणजे त्यांनी सरळ मासे खाण्याचं समर्थन केलं. आजही बंगाली माणूस इलिश मासा खाऊन स्वतःला निरामिष म्हणवत नाही. त्यांच्याकडे निरामिष म्हणजे कांदा-लसूणसुद्धा नाही, आणि ज्या बंगाली विधवांवर ते निरामिष लादलं गेलं त्यांना तर मसुराची डाळही नव्हती. माझ्या आजीसारख्याच किती जणी तिकडेही असतील.

या बाबतीत मला सगळ्यात जवळचं वाटतं ते गांधीजींचं उत्तर. 1888 साली ते विलायतेला निघाले तेव्हा आईपुढं त्यांनी मांस न खाण्याची शपथ घेतली होती. लंडनमध्ये त्यांना मांसाच्या तीन व्याख्या भेटल्या. एकीप्रमाणे पशुपक्ष्यांचं तेवढं मांस, म्हणजे मासे आणि अंडी चालतात. दुसरीप्रमाणे सगळ्या जिवांचं मांस, म्हणजे मासे नाहीत पण अंडी चालतात. तिसरीत अंडी आणि दूधही गेलं. आत्मकथेत त्यांनी लिहिलंय की पहिली व्याख्या धरली असती तर अंडीच काय, मासेही खाता आले असते. पण शपथ आईनं घ्यायला लावली होती, तेव्हा आईच्या मनात मांसाचा जो अर्थ होता तोच आपल्याला बांधील, असं त्यांनी ठरवलं आणि अंडी सोडली.

आपल्यालाही तेच लागू होतं असं मी मानते. मी ‘शाकाहारी’ म्हणते तेव्हा माझ्या मनात काय आहे याला फारशी किंमत नाही. ऐकणारा त्या शब्दावर विसंबून घास तोंडात घालतो. माझ्या माळकरी ताई, शेजारचं जैन कुटुंब, जावयाची लिंगायत आई, या सगळ्यांना ‘शाकाहारी’ या शब्दाचा एकच अर्थ माहीत आहे. आपण आपला खासगी अर्थ त्यात घालून तो शब्द टेबलावर मांडतो, आणि किंमत त्यांना मोजावी लागते. शिवाय कोलंबी-खेकड्याची ॲलर्जी असणारी माणसंही असतात. ती पाटी वाचून निर्धास्त जेवतात, आणि जवळा हा कोलंबीचाच भाऊबंद.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. पाकिटावर हिरवा ठिपका कशाला द्यायचा याचे नियम केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2011 सालीच घातले, आणि मांसाहारी पदार्थांच्या व्याख्येत गोड्या पाण्यातले आणि समुद्रातले प्राणी नाव घेऊन घातले आहेत. 2020 च्या नियमांनी तपकिरी ठिपक्याचा तपकिरी त्रिकोण केला, म्हणजे ज्यांना हिरवा-तपकिरी रंग वेगळा ओळखता येत नाही त्यांचीही फसगत होऊ नये. अनोळखी गिऱ्हाइकाची एवढी काळजी सरकार करतं. आपण तर पाहुणे बोलावतो.

‘मासा कापावा लागत नाही, पाण्याबाहेर आला की आपोआप मरतो’, ‘त्याला रक्त नसतं’, ‘त्याला दुखत नाही’. ही वाक्यंही आपल्याकडे चालतात. रक्त नसतं म्हणणाऱ्यांनी एकदा घरी मासे साफ करावेत. दुखण्याबद्दल सांगायचं तर लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांवर केलेले प्रयोग 2003 साली प्रसिद्ध झाले. माशांच्या ओठांत मधमाशीचं विष किंवा ॲसिटिक आम्ल टोचलं, तर ते खाणं सोडून बसले, कल्ले जोरात हलवू लागले, काही तर ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले. मॉर्फिन दिल्यावर हे कमी झालं. माशाला नेमकं काय जाणवतं यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे, पण कुठल्या भेंडीवर असा प्रयोग करायची वेळ आलेली नाही. मासा जीव आहे. जाळ्यात तो तडफडतो, आणि मी तो खाते. हे मी स्वतःशी तरी खरं बोलते.

आता मासेवालीबद्दल. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते.

आमच्या परसदारी जी मासेवाली यायची ती गाबितांची, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातली. पहाटे बंदरावर लिलावात मासळी घ्यायची, टोपली डोक्यावर घेऊन तीन-चार मैल चालायची. आमचं जेवण तिच्यावर अवलंबून होतं. पावसात होड्या बंद झाल्या, ती आली नाही, की घरातले सगळे मरगळून जायचे. पण ती कधी पायरी चढून वर आली नाही. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतायचं. का, तर ती माशांना हात लावते, तिला वास येतो, ती ओवळी. माशांना हात लावणारी ओवळी आणि तोच मासा गिळणारे आम्ही शाकाहारी! भाजी विकायला येणारी बाई मात्र ओटीवर बसून आजीशी गप्पा मारायची. मासा जर भाजी होता, तर त्या दोघींना आम्ही सारखं का नाही वागवलं?

2023 साली महाराष्ट्र सरकारनं पापलेटला राज्यमासा केलं, गोव्यानं त्याआधीच शेवट्याला राज्यमाशाचा मान दिला होता. मला त्या बातम्या वाचून आनंद झाला. मासळी हे आपलं अन्न आहे, ते पकडणारी, विकणारी, सुकवणारी माणसं आहेत, त्यांचं कष्टाचं जग आहे, हे उघड मान्य झालं. ते मान्य करायला आपण, जे पिढ्यान्‌पिढ्या त्यावर पोसलो, सर्वांत पुढं असायला हवं होतं.

माझ्या भाचीचीही गोष्ट सांगते. उपनगरातल्या एका सोसायटीत तिला भाड्यानं घर हवं होतं. ‘फक्त शाकाहारींना’ अशी अट होती. तिनं ‘शाकाहारी’ लिहून दिलं. घरातल्याच मोठ्यांनी तिला सांगितलं होतं की आपण मासेच तर खातो, त्याचं काय एवढं. चार महिने ती खिडक्या लावून, उदबत्ती पेटवून मासे शिजवत होती. एका रविवारी सुके बोंबील भाजले आणि सगळा मजला दारात जमला. महिन्याभरात घर सोडावं लागलं. तिला घर गेल्याचं दुःख कमी होतं. सगळ्यांसमोर खोटारडी म्हटलं गेलं ते जास्त लागलं.

कुणाच्या पानात काय आहे ते पाहून घर द्यायचं, हे मला मुळीच मान्य नाही. त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण बोलणार कोण? आपण ‘शाकाहारी’ या शब्दाची फट शोधून आत शिरतो, आणि आत शिरल्यावर दार आपल्यामागं लागतं. कोळ्याची मुलगी, ख्रिस्ती कुटुंब, दलित, मुसलमान, सगळे बाहेर राहतात. त्यांना ती फट सापडत नाही, कारण त्यांच्या आडनावावरूनच त्यांचं पान ठरवलेलं असतं. आपलं आडनाव ऐकून मात्र घरमालक समजून घेतात. भाचीनं त्या अर्जावर ‘मी मासे खाते’ असं लिहिलं असतं तर तिला घर मिळालं नसतं, हे खरं आहे. पण मग नकार मिळालेल्यांच्या रांगेत आपणही उभे राहिलो असतो, आणि कदाचित ती रांग थोडी मोठ्यानं बोलली असती.

लग्नाच्या जाहिरातींत अजून वाचते, ‘मुलगी शाकाहारी, मासे चालतात’. त्यापेक्षा ‘मासे खाते, मटण-कोंबडी नाही’ एवढं लिहिलं तर काय बिघडतं? मराठीत मत्स्याहारी असा चांगला शब्द आहे. तो जड वाटला तर ‘आम्ही मासे खातो’ हे तीन शब्द पुरतात. मूळचे गोव्याचे माझे ख्रिस्ती शेजारी ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात शुक्रवारी मांस टाळतात आणि मासे खातात. त्यांच्या धर्मानं तशी मुभा दिली आहे. पण म्हणून त्या चाळीस दिवसांत ते स्वतःला शाकाहारी झालो असं कधी म्हणत नाहीत.

मंडळांकडे माझं मागणं आहे ते लहानसं आहे. ‘शाकाहारी’ पाटीखाली मासा, कोलंबी, जवळा, सोडे, सुकट, तिसऱ्या, यांतलं काहीही नको. कोशिंबीर असो की वडा, चिमूटभर असला तरी नको. आचाऱ्याला हे आधी सांगा आणि वाढणाऱ्या मुलांनाही सांगा, कारण पाहुणा विचारतो तो त्यांनाच. वाढायचे डाव या टेबलावरून त्या टेबलावर जाऊ देऊ नका. निमंत्रणाच्या उत्तरपत्रिकेत दोनऐवजी तीन रकाने ठेवा, शाकाहार, मासे, मटण-कोंबडी. आणि स्मरणिकेत सारस्वत ऋषींची गोष्ट छापताना पुढच्याच पानावर ‘आपला समाज मुळात शाकाहारी’ असा लेख छापू नका. गेल्या वर्षी तो तसा छापून आला होता. मी दोनदा वाचला, आणि दोन्ही वेळा मला माझ्या आजीचं वेगळं पान दिसलं.

ताईंचं सांगायचं राहिलं. पंधरा दिवसांनी त्या आळंदीला गेल्या आणि माळ पुन्हा घालून घेऊन आल्या. मी माफी मागायला गेले तर त्यांनीच मला चहा दिला आणि म्हणाल्या, “तुम्ही थोडीच मुद्दाम केलंत.” मुद्दाम कुणीच केलं नव्हतं. पुढच्या संमेलनाला याल का, असं विचारायचा मला धीर होत नव्हता. विषय त्यांनीच काढला. खतखतें राहिलं होतं म्हणाल्या, त्या गडबडीत पान तसंच टाकलं होतं.

तेव्हा येत्या जानेवारीत त्या माझ्यासोबत येणार आहेत. किसमूर घरून करून आणायचं मी कबूल केलं आहे, दोनशे माणसांना पुरेल एवढं. ते मासळीच्या टेबलावर राहील, आणि त्यापुढची पाटी मी स्वतःच्या हातानं लिहीन, ‘किसमूर, सुका जवळा घातलेलं’. शाकाहारी टेबलावरच्या पाट्या कोण लिहिणार आणि पदार्थ कोण तपासणार, तेवढं मला संमेलनाच्या आठ दिवस आधी कळवावं, ही विनंती.

आपली,
वेंगुर्ल्याची एक सारस्वत लेक